स्मरणपत्र क्र. १

नोकरी गेली त्याच आठवड्यात मी एक यादी केली. मला ओळखणारी आणि मनात आलं तर काम देऊ शकतील अशी माणसं. एकूण ३४ भरली. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी आपल्याला ३४ माणसं ओळखतात, हे पाहून मी जरा सुखावलेच. सगळ्यांना मेसेज पाठवले. ती फेरी सोपी असते, लग्नाच्या पत्रिका वाटण्यासारखी. पत्रिका देणाऱ्याला लाज नसते. जेवायला नक्की येणार ना, हे विचारताना खरी पंचाईत होते.

निम्म्याहून अधिकांचं उत्तर आलं, आणि ते एकच होतं : ‘कळवतो.’

हा शब्द आम्हाला नवा नाही. माझ्या लग्नाच्या वेळी आमच्या घरात पोह्यांच्या बशा उचलता उचलता तो पाच वेळा ऐकलाय. ‘घरी बोलून कळवतो.’ पुढे आठ दिवसांनी मध्यस्थाकडून समजायचं की पत्रिका जुळत नाही. ज्योतिषावर माझा काडीचा विश्वास नाही, पण नकार देताना दोन्ही बाजूंची अब्रू राखण्याची इतकी चांगली सोय दुसरी नव्हती. दोष ना मुलीचा, ना मुलाचा, मंगळाचा. आता कंपन्या तुमचा बायोडेटा ‘भविष्यातील संधींसाठी जपून ठेवतात’. मंगळच तो, फक्त एचआर खात्यात बदली झालेला.

‘कळवतो’च्या खालोखाल ‘बघतो’, आणि त्याच्याही खाली ‘बघू’. ‘बघतो’मध्ये निदान एक माणूस बघणार असतो. ‘बघू’मध्ये सगळे मिळून बघणार असतात, म्हणजे कोणीच नाही.

तर दुसरी फेरी. ज्यांनी ‘कळवतो’ म्हटलं त्यांना, ‘कळवताय ना?’ असं विचारायचं. मराठीत याला पाठपुरावा म्हणतात, पण तो शब्द आमदारांसाठी राखीव आहे. चौकातल्या फ्लेक्सवर त्यांच्याच पाठपुराव्याला यश येतं. तुम्हीआम्ही केला तर तो तगादा. दोनदा केला तर लकडा, तिसऱ्यांदा ससेमिरा. पोटासाठी चाललेल्या या कामाला भाषेत एकही सरळ, इस्त्री केलेला शब्द मिळू नये, यावरून आमच्या आळीतल्या संस्कारांची कल्पना यावी. शेजारी विरजण मागायला पाठवतानाही आई बजावायची, ‘लगेच उभी राहू नकोस दारात.’

म्हणून मग मी इंग्रजीकडे वळले. ज्या मैत्रिणीशी वीस वर्षं मराठीत भांडले, तिला रात्री साडेअकराला लिहिलं, ‘जस्ट फॉलोइंग अप ऑन धिस.’ मराठीत हेच लिहिताना कानशिलं तापतात. इंग्रजीत कोणी तिसरीच बाई मागते आहे, आपण नुसत्या टंकलेखक. एकाला तर ‘जेंटल रिमाइंडर’ही धाडला. आपलाच धक्का हळुवार होता हे आपणच जाहीर करायचं, म्हणजे लोकलमध्ये कोपर मारून वर ‘हलकं होतं हं’ म्हणण्यापैकी.

त्यातून यादीतली सगळ्यात उपयोगाची माणसं नेमकी सगळ्यात अवघड. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात, ओळखीतून नव्या नोकरीला लागलेल्यांना विचारलं की तो ओळखीचा माणूस तुम्हाला कितीदा भेटत असे. १९७३ साली छापलेलं त्याचं उत्तर असं : नेहमी भेटणारा शेकडा सतरासुद्धा नाही, अधूनमधून भेटणारा पंचावन्नाच्या वर, क्वचितच भेटणारा जवळजवळ अठ्ठावीस. कारण साधं आहे. जवळच्यांना जे ठाऊक, ते आपल्यालाही ठाऊक असतंच. नवी बातमी लांबच्याकडे. गणित पटलं. पण ज्याच्या मुलीच्या बारशानंतर आपण थेट तिच्या बारावीला उगवतो, त्याला फोन करून पहिलं वाक्य काय बोलायचं, ते त्या निबंधात नाही.

पूर्वी पहिलं वाक्य तयार असे. ‘माझे मागील पत्र आपणास मिळाले नसावे.’ मिळालेलं असायचं. लिहिणाराही जाणून असायचा, वाचणाराही. पण दोघं मिळून टपालखात्यावर आळ घेत, आणि खातं बिचारं काही बोलत नसे. फारच निकड असली तर जोडकार्ड : एक अर्धं आपल्या मजकुराचं, दुसरं अर्धं कोरं, आगाऊ पैसे भरलेलं, वर आपलाच पत्ता घातलेलं. समोरच्याने नुसतं लिहून पेटीत टाकायचं. २०१४च्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपने त्या दोन खुणा निळ्या केल्या आणि हा आडपडदा गेला. आता त्याने वाचलंय हे मला दिसतं, आणि मला दिसतंय हे त्याला माहीत असतं.

तशा निळ्या खुणा मीही केल्या आहेत. त्या दिवसांत जुने मेसेज चाळताना एका मुलाचे तीन सापडले, दीड वर्षापूर्वीचे. तिसऱ्यात त्याने ‘मॅडम, त्रास देतोय’ म्हटलं होतं. तो त्रास देत नव्हता. आमच्याकडे जागा नव्हती, तेवढं म्हणायला माझी जीभ रेटली नव्हती, इतकंच. त्याला तेव्हा उत्तर लिहिलं. त्याने एक अंगठा पाठवला. तो कोणत्या अर्थाचा होता, कोण जाणे.

वडिलांना, म्हणजे अण्णांना, माझी ही घालमेल कळेचना. जिल्हा परिषदेत चौतीस वर्षं काढलेला माणूस. ‘स्मरणपत्र काढ की,’ ते म्हणाले. ‘क्रमांक एक, दोन, तीन. तरी उत्तर नाही तर अर्धशासकीय.’

‘अण्णा, लाज वाटते.’

‘लाज कसली? कार्यालय लिहितंय. तू कोण?’

मी गप्प बसले. खरंच, त्यांच्या पत्रात ‘मी’ नसायचाच. ‘कळविण्यात येते.’ कोण कळवतंय? कोणी नाही. महर्षी कर्व्यांसारखा मुखदुर्बळ गणिताचा प्राध्यापक हिंगण्याच्या संस्थेसाठी दारोदार वर्गणी मागत फिरला, तोही स्वतःसाठी नव्हे. माझ्यामागे संस्था नाही, खुर्ची नाही, शिक्का नाही. मी आणि माझा बायोडेटा.

पण अण्णा हट्टाला पेटले होते. त्यांनी सांगितलं, मी टंकलं, आणि यादीतल्या सतराव्या माणसाला, एका जुन्या सहकाऱ्याला, शुद्ध मराठीत पाठवून दिलं :

‘विषय : चहा व काम मिळणेबाबत. संदर्भ : या कार्यालयाचा दि. ३ रोजीचा मेसेज (दोन निळ्या खुणांसह). उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, संदर्भीय मेसेजचे उत्तर अद्याप अप्राप्त आहे. तरी सदर प्रकरणी आपल्या स्तरावरून योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.’

चार मिनिटांत उत्तर. ‘प्रकरण विचाराधीन असल्याने विलंब झाला. जागा तूर्त रिक्त नाही. तथापि अन्य एका कार्यालयाची माहिती देता येईल. समक्ष सुनावणी गुरुवारी सायं. ५ वाजता, डेक्कनवर. चहाचा खर्च अर्जदाराने करावयाचा आहे.’

मी अण्णांना मोबाइल दाखवला. त्यांनी चष्मा लावून आधी आमचं पत्र वाचलं, मग उत्तर, मग पुन्हा आमचं पत्र.

‘जावक क्रमांक टाकला नाहीस.’

‘व्हॉट्सॲपला जावक क्रमांक नसतो, अण्णा.’

‘म्हणूनच कोणाची उत्तरं येत नाहीत,’ असं म्हणून ते कपाटात कोरी वही शोधायला गेले.