आश्विन, कार्तिक आणि कोड फ्रीज

पाऊस परतीच्या वाटेला लागला की पुण्यात जी हवा पडते तिला पंचांगात शरद ऋतू म्हणतात आणि बसस्टॉपवर ऑक्टोबर हीट. हिंजवडीतल्या माणसाला या दोन्हींचा पत्ता नसतो. आमच्या मजल्यावर बारा महिने हेमंत असतो. बाहेर डांबर वितळत असताना आत माणसं शाली पांघरून कोड लिहितात. ऋतू पालटल्याची वर्दी आम्हाला मॅनेजरच्या मेलमधून मिळते : अमुक तारखेपासून कोड फ्रीज.

आमचा ग्राहक अमेरिकेतला दुकानदार आहे. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी त्यांचं थँक्सगिव्हिंग, दुसऱ्या दिवशी वर्षातला सगळ्यात मोठा सेल. ऐन गर्दीत काही बंद पडू नये म्हणून त्याआधी चालू सॉफ्टवेअरला कुणी हात लावायचा नाही, असा नियम. ग्राहक मुळात घाबरट, त्यामुळे त्याचा फ्रीज ऑक्टोबरातच लागतो. परिणामी आदल्या आठवड्यात जो तो आपापलं अर्धंकच्चं काम आत रेटून मोकळा होतो, आणि स्थैर्यासाठी काढलेल्या या उपायाने वर्षातले सर्वांत अस्थिर दिवस आमच्या वाट्याला येतात. याच सुमाराला खंडेनवमी असते. लॅपटॉपला झेंडूची माळ घालतात, की-बोर्डवर हळद-कुंकू वाहतात (ते पुढे संक्रांतीपर्यंत शिफ्टच्या बटणाखालून निघत राहतं) आणि उदबत्ती मात्र पेटवू देत नाहीत, कारण छताला धूर ओळखणारं यंत्र आहे. खरं शस्त्र म्हणजे सर्व्हर. तो आयर्लंडमध्ये. त्याला लांबूनच नमस्कार.

मग फ्रीज लागतो आणि प्रोग्रॅमरचे हात रिकामे होतात. इथून पुढे घरच्यांनी सावध राहावं. कारण प्रोग्रॅमरचा छंद म्हणजे तेच काम, फक्त पगाराविना आणि जास्त मन लावून.

पटत नसेल तर हॅक्टोबरफेस्ट बघा. २०१४ पासून दर ऑक्टोबरात भरणारा हा आमच्या जमातीचा उत्सव. दिवसभर ऑफिसचा कोड दुरुस्त करून दमलेल्या माणसाने रात्री घरी येऊन अनोळखी लोकांचा कोड फुकट दुरुस्त करायचा. पहिली कित्येक वर्षं त्याबद्दल टीशर्ट मिळायचा. त्या टीशर्टसाठी लोकांनी कुणाच्याही माहितीपत्रकात एखादा फालतू शब्द घुसडून 'सुधारणा' म्हणून पाठवायचा इतका सपाटा लावला, की २०२० साली आयोजकांना नियमच बदलावा लागला : ज्याने आमंत्रण दिलंय त्याच्याच घरी जायचं. महिना लाखांत कमावणारी माणसं टीशर्टसाठी काय करतील याचा अंदाज आयोजकांना नव्हता. आमच्या घरच्यांना विचारलं असतं तर मिळाला असता.

माझा गेल्या शरदातला छंद मात्र स्वदेशी होता. दिवाळीची तारीख काढणारा प्रोग्रॅम लिहायचा. वरवर सोपं दिसतं. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी. अशा तीस झाल्या की महिना. पण चंद्र एका चालीने चालत नाही. तिथी कधी एकोणीस तासांत आटपते, कधी सव्वीस तास रेंगाळते, त्यामुळे एखाद्या तिथीला सूर्योदयच मिळत नाही आणि एखादीला दोन मिळतात. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणजे दरसाल अकराएक दिवसांची उधारी. ती फेडायला मधूनच अधिक महिना. २०२० साली आश्विनच अधिक आला, तेव्हा सर्वपित्री अमावास्या १७ सप्टेंबरला आणि घटस्थापना थेट १७ ऑक्टोबरला होती. वरून २०२४. त्या वर्षी अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या दुपारी लागून १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी संपली. उत्तरेत बऱ्याच जणांनी आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन केलं, आपण दुसऱ्या दिवशी. संगणकाला हो किंवा नाही कळतं. 'तुमच्याकडे काय करतात?' हे कळत नाही.

आई दोन रात्री हे बघत होती. तिसऱ्या रात्री पाणी प्यायला उठली आणि म्हणाली, "काय शोधतोयस रे इतकं?"

"दिवाळी कधी आहे ते."

तिने स्वयंपाकघरातला दिवा लावला, कालनिर्णयचं पान उलटलं, तारीख सांगितली, वर गॅस सिलिंडर कधी लावला तेही सांगितलं आणि दिवा मालवून झोपायला गेली. जयंतराव साळगांवकरांनी १९७३ साली सुरू केलेल्या या उत्पादनाला लॉगिन नाही, बॅटरी नाही, अपडेट वर्षातून एकदाच, आणि सिलिंडरच्या नोंदीसाठी कोपऱ्यात जागा. आमच्या धंद्यात याला तोड नाही.

प्रोग्रॅम बाजूला पडला, कारण सोसायटीतल्या पोरांना किल्ल्यासाठी मोठं माणूस हवं होतं. "काका, राजगड करू," असं सर्वानुमते ठरलं. मी पार्किंगच्या भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावल्या : विटा, गोणपाट, लाल माती, बालेकिल्ला, पद्मावती, सुवेळा, संजीवनी. दुसऱ्या दिवशी पोरांना धबधबा हवा झाला. तिसऱ्या दिवशी एकाला राजगडाऐवजी सिंधुदुर्ग हवा होता, कारण त्याच्याकडे प्लॅस्टिकची होडी होती. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं त्यांत दोन्ही आहेत, तेव्हा गुणवत्तेवर निकाल लागेना. शेवटी राजगडाच्या पायथ्याशी समुद्र आला. अमेरिकेतला ग्राहक मला यापेक्षा समजूतदार वाटू लागला. तो निदान भोकाड पसरत नाही.

सगळ्यात अडचण अळिवाची. तटबंदीखाली हिरवळ दिसायला हवी तर अळीव चार-पाच दिवस आधी पेरायला लागतं. पोरांनी ते वसुबारसेच्या आदल्या दिवशी पेरलं आणि उशीर भरून काढायला सात जणांनी आळीपाळीने पाणी घातलं. फ्रेड ब्रुक्स नावाच्या आमच्या एका थोर पूर्वसूरीने १९७५ साली अख्खं पुस्तक लिहून सांगितलंय, की रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसं लावली तर ते आणखी रखडतं. अळीव कुजलं. सुवेळा माचीवर शेवटी हिरवा भुसा पसरला, आणि लांबून तो जास्त चांगला दिसला.

कुंभारवाड्यातून आणलेले मावळे दरवाजापेक्षा दीडपट उंच निघाले. एका धाकट्याने बालेकिल्ल्यावर हेलिकॉप्टर उतरवलं. तो रडेल म्हणून कुणी हलवलं नाही. मांजराने रात्री टाक्यात झोपून भाराची चाचणी घेतली. सगळं झाल्यावर पहिल्या मजल्यावरचे निवृत्त काका परीक्षणाला आले. त्यांनी मोबाइलमधलं होकायंत्र काढलं, किल्ल्याभोवती फिरले आणि म्हणाले, "सुवेळा पूर्वेला असते. तुमची लिफ्टकडे आहे." कामाच्या शेवटच्या दिवशी उगवणारा असा परीक्षक प्रत्येक कंपनीत एक असतोच. मी तटबंदी पाडायची मानसिक तयारी करत होतो. तेवढ्यात सातवीतल्या एका मुलीने पुठ्ठा घेतला, 'दिशा काल्पनिक आहेत' अशी पाटी लिहिली आणि समुद्रात खोचली. तिला मी आमच्या कंपनीत नोकरी द्यायला तयार आहे.

दिवाळीच्या आगेमागेच घड्याळाचा घोळ येतो. युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी काटे तासभर मागे घेतो, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, आणि आपण जागचे हलत नाही. मधल्या आठवड्यात लंडन, कॅलिफोर्निया आणि पुणे एकाच मीटिंगला तीन वेगवेगळ्या वेळी हजर होऊ शकतात आणि तिघांचंही बरोबर असतं. त्या रविवारी अमेरिकेत रात्री एक ते दोन हा तास दोनदा येतो. दीड वाजता बिलं काढणारा एखादा बेसावध प्रोग्रॅम तीही दोनदा काढतो. जिथे अख्खा महिना दोनदा येतो तिथल्या माणसाने तासाला काय घाबरायचं, असं कुणी म्हणेल. पण अधिक महिना आमच्याकडे वर्षभर आधी भिंतीवर टांगलेला असतो.

या सगळ्याचा व्यावहारिक अर्थ इतकाच, की कॅलिफोर्नियातली सकाळी आठची मीटिंग ऑक्टोबरात माझ्याकडे रात्री साडेआठला असते आणि नोव्हेंबरात साडेनऊला. तेव्हा फराळाला येणार असाल तर दिवाळी कुठल्या महिन्यात आहे ते बघून या. ऑक्टोबरात असेल तर सातपर्यंत पोचा, नोव्हेंबरात आठला आलात तरी निवांत बसता येईल. चकल्या आईच्या हातच्या आहेत. आणि कृपा करून बंद पडलेला प्रिंटर, मेव्हण्यांचा विसरलेला पासवर्ड आणि ओटीपी न येणारा मोबाइल घरीच ठेवून या.