पाच मिली नाना

आमच्या सोसायटीच्या जिन्यात वासावरून वार ओळखता येतो. शनिवारी सकाळी साबुदाण्याची खिचडी, बुधवारी दुसऱ्या मजल्यावरचं सुकट आणि रविवारी संध्याकाळी साडेपाचनंतर तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एकच वास. लसूण घातलेली शेंगदाण्याची चटणी खवट तेलाच्या डब्यात महिनाभर विसरली तर जे होईल, ते. नवे भाडेकरू पहिल्या रविवारी घाबरून गॅस बंद करतात आणि खिडक्या उघडतात. खिडक्या उघडल्या की वास दुप्पट होतो, कारण तो बाहेरूनच येत असतो. मग जिन्यातून कोणीतरी ओरडून सांगतं, "काही नाही हो, नाना फवारतायत!"

नाना तिसऱ्या मजल्यावर राहतात. दहा बाय चारची गॅलरी आणि तीत एकतीस कुंड्या. नाशिकसारख्या गावात, जिथून द्राक्षांच्या बागा हाकेच्या अंतरावर आहेत, एकतीस कुंड्यांना कोणी बाग म्हणत नाही. पण नाना म्हणतात. असा एक नाना प्रत्येक सोसायटीत असतो. लोकांना वाटतं, बाग आहे म्हणून हे फवारतात. मी भिंतीपलीकडचा शेजारी आहे, मला विचारा. फवारायचं असतं म्हणून ते बाग ठेवतात.

फवारणीचा गणवेश ठरलेला आहे. बाह्या फाटलेला जुना सफारीचा शर्ट, करोनातले उरलेले मास्क आणि काकूंची जुनी शॉवर कॅप. आधी ते कठड्यावर उदबत्ती धरून वारा कुठून येतो ते बघतात. धूर माझ्या घराकडे वळला की समाधानानं मान हलवतात. बाटली न्हावी केसांवर पाणी मारतो तसली. मापाला खोकल्याच्या औषधाचं झाकण. एका लिटरला निंबतेल पाच मिली, ना चार ना सहा. त्यावरून पोरांनी त्यांना 'पाच मिली नाना' नाव ठेवलं. नानांना ते कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. "मात्रा तर पाठ झाली ना कार्ट्यांची," म्हणाले.

मिसळण्याचाही क्रम आहे. "आधी तेल आणि साबणाची ओळख करून द्यायची. चांगली गट्टी जमली की मग कोमट पाणी. उलट केलंस तर तेल वर तरंगतं. पहिल्या वीस कुंड्यांना नुसती आंघोळ आणि शेवटच्या कुंडीला सगळं तेल." मी एकदा उलट केलं होतं. शेवटची कुंडी मोगऱ्याची होती. त्याची पानं अशी करपली, की बायकोला वाटलं मी इस्त्री फिरवली. यातला साबण म्हणजे काकूंचा भांड्यांचा लिक्विड साबण. तो कमी होतोय म्हणून काकूंनी दोन कामवाल्या बायकांवर संशय घेतला होता. खरा चोर सापडल्यावर नानांना रिठे आणून दिले. आता ते रविवारी दुपारी रिठे उकळतात. म्हणजे वास साडेपाचऐवजी तीनलाच सुरू होतो.

थंडीतला प्रकार वेगळा. डिसेंबरात नाशिकचा पारा उतरला की तेल बाटलीत लोण्यासारखं थिजतं. मग नाना बाटली गरम पाण्यात ठेवतात. एका सकाळी काकू दारात उभ्या. "तुमच्याकडे गीझर चालू आहे का रे? माझ्या आंघोळीच्या बादलीत ह्यांची बाटली पोहतेय." नाना आतून ओरडले, "थिजतंय म्हणजे तेल अस्सल आहे!" काकू म्हणाल्या, "मीपण थिजलेय. माझीही तपासणी करा."

मी सुरुवातीला या तेलाला हसायचो. जास्वंदीवर मावा पडला होता. नानांच्या सल्ल्यानं फवारलं आणि तीन दिवसांनी तक्रार घेऊन गेलो.

"नाना, मावा तस्साच आहे."

"अंगाला तेल लागलेले गुदमरून गेले असतील. उरलेले बसलेत, पण जेवतायत का ते बघ."

नाना एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत चौतीस वर्षं होते, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्यांनी मला खुर्ची दिली आणि समजावलं. किडीला मोठं व्हायचं तर कात टाकावी लागते. कात कधी टाकायची याचा आदेश तिच्या शरीरातलं संप्रेरक काढतं. निंबोळीतलं ॲझाडिरॅक्टिन नेमका तो आदेश अडवतं. शिवाय तोंडाची चव घालवतं. किडीला कोणी नाही म्हणत नाही, मारत नाही, हाकलत नाही. ती आपली जुन्या कातीत बसून राहते. पुढची श्रेणी मिळत नाही, अंडी घालायचं राहून जातं, आणि एक दिवस ती जागच्या जागी संपते.

"कीड मारायची नसते रे," नाना म्हणाले. "तिची फाईल अडवायची."

तेव्हा मला कळलं, की हा माणूस बागकामात रमलेला नाही. निवृत्तीनंतर त्याला स्वतःच्या स्वभावाचं रसायन सापडलंय. कडू, वासाचं, संथ, कोणाचं थेट वाईट न करणारं, आणि दर सात दिवसांनी पुन्हा हजर. पाडव्याला आपण गूळ-ओव्याच्या आडून कडुलिंबाचं एक पान कसंबसं गिळतो. नाना नुसता मोहोर चघळतात आणि वाटी पुढे करतात.

नोंदीही आस्थापना शाखेसारख्या. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी दर रविवारी 'फ'. फ म्हणजे फवारणी. पाऊस आला तर 'फ (पा.)' आणि सोमवारी पुन्हा 'फ', कारण पावसानं औषध धुऊन जातं. वेळ नेहमी संध्याकाळची. उन्हात ॲझाडिरॅक्टिन टिकत नाही, पानं भाजतात, आणि दिवसा फुलांवर मधमाश्या असतात. "त्यांची ड्युटी संपू दे," नाना म्हणतात. फवारा नेहमी पानाच्या पाठीवर. त्यासाठी हा सदुसष्ट वर्षांचा माणूस मिरचीच्या कुंडीखाली उताणा झोपतो आणि अर्धं औषध स्वतःच्या चष्म्यावर घेतो. मिरचीला बोकड्या होऊन पानं गोळा झालीच, पण नानांच्या चष्म्यावर आजवर एकही पांढरी माशी बसलेली नाही.

तेलावर कोणी शंका घेतली की इतिहास सुरू होतो. १९५९ साली सुदानात टोळधाड आली, सगळं हिरवं फस्त झालं, कडुलिंब तेवढा उभा राहिला, आणि श्मुटरर नावाच्या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं ते पाहिलं. "त्यानं पाहिलं म्हणून जगाला दिसलं. आपल्याकडे आजीच्या धान्याच्या कणगीत काय होतं? पाला!" १९६२ साली दिल्लीत कीटकशास्त्रज्ञ प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीचं पाणी फवारून टोळांना उपाशी ठेवल्याचं ते असं सांगतात, की प्रधान जणू यांच्याच शाखेत बसायचे. सगळ्यात लाडकी गोष्ट पेटंटची. १९९४ साली म्युनिकमधल्या युरोपच्या पेटंट कार्यालयानं अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना निंबतेलाच्या बुरशीनाशक वापराचं पेटंट दिलं. वंदना शिवा आणि इतरांनी आक्षेप घेतला, २००० साली ते रद्द झालं आणि २००५ साली अपीलही फेटाळलं. आपल्याकडे पुणे-सांगली भागात हा वापर आधीच झाला होता, हा पुरावा तिथे कामी आला. काकूंचं माहेर सांगलीचं. त्यामुळे म्युनिकमधल्या त्या विजयात नाना सासरकडून भागीदार आहेत.

त्यांचा पराभव करणारा एकच माणूस मी पाहिला. निफाडहून आलेले त्यांचे थोरले चुलतभाऊ, आप्पा. आप्पांच्या सात एकर द्राक्षबागेत ट्रॅक्टरचा ब्लोअर चालतो. त्यांनी नानांची न्हाव्याची बाटली दोन बोटांत धरून उजेडात पाहिली.

"नान्या, ही सर्दीची आहे का?"

मग जास्वंदीवरचा कापूस नखानं उचलून म्हणाले, "पिठ्या ढेकूण. याच्या अंगावर मेण असतं, तुझं तेल वरून घसरतं. मुंग्या वर चढतायत ते आधी बंद कर. चिकट गोडासाठी त्याच त्याला पोसतात. आम्ही तर बागेत क्रिप्टो सोडतो."

द्राक्षवाल्यांकडे पैसा असतो हे ऐकून होतो, पण तो इतक्या पुढे गेला असेल असं वाटलं नव्हतं. आप्पांनी खुलासा केला. क्रिप्टोलेमस, एक ढालकिडा. डोकं नारिंगी, पाठ काळपट, पिठ्या खाऊन जगतो. याची अळी हुबेहूब पिठ्यासारखीच दिसते, पांढरी, झिपरी. "लोक तिलाच औषध मारतात. आम्ही जे विकत आणतो, ते हे शहरातले फुकट मारतात."

नाना काही बोलले नाहीत. आप्पा गेल्यावर फक्त म्हणाले, "ब्लोअर आहे म्हणून माणूस शहाणा होत नाही."

पण नाना निव्वळ हट्टी आहेत असंही नाही. कुंडीतल्या लिंबावर फुलपाखराच्या अळ्या आल्या होत्या. लहान असताना त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मग हिरव्यागार होतात. नाना बाटली रोखून जवळ गेले. एका अळीनं मान वर केली आणि डोक्यातून नारिंगी दुभंगलेलं शिंग बाहेर काढलं. असा काही उग्र वास सुटला, की नाना दोन पावलं मागे सरले. मी त्यांना वासासमोर माघार घेताना पहिल्यांदाच पाहिलं. काही क्षण दोघं एकमेकांना हुंगत राहिले. मग नानांनी बाटली खाली ठेवली, अळ्यांची फांदी अलगद कापली आणि खाली जाऊन पार्किंगजवळच्या कढीपत्त्यावर टेकवून आले. "तिचीही काहीतरी पद्धत आहे," म्हणाले. त्या कढीपत्त्याची पोह्यांना फोडणी देणाऱ्या पहिल्या मजल्यानं ही पद्धत अजून ऐकलेली नाही.

यंदा नोव्हेंबरात नाना-काकू तीन आठवड्यांसाठी मुलीकडे बडोद्याला गेले. किल्ली, बाटली, झाकण आणि दोन पानी सूचना माझ्याकडे. तीन रविवार, तीन फ. पहिल्या रविवारी सामना होता. दुसऱ्या रविवारी गेलो, तर जास्वंद पांढरीफटक. पिठ्या दसपट. हात बाटलीकडे गेला आणि आप्पा आठवले. वाकून बघितलं, तर पांढऱ्यातले निम्मे पांढरे चालत होते, आणि चांगले भराभर. बाटली तशीच ठेवून घरी आलो. यात शास्त्र किती आणि आळस किती, हे मलाही वेगळं काढता येणार नाही.

तिसऱ्या रविवारी फांद्या स्वच्छ होत्या. नारिंगी डोक्याचे चार-पाच ढालकिडे पानांवर ढेकर देत फिरत होते, आणि टोकाला कळी. सोमवारी नाना परतणार. पेन घेतलं आणि कॅलेंडरवर तीन रविवारी तीन फ काढले. मग कठड्यावर आणि पायपुसण्यावर थोडं तेल शिंपडलं. वास नसता तर ते दारातूनच बडोद्याला परत गेले असते.

सोमवारी बॅगा न उघडता नाना कॅलेंडरसमोर उभे राहिले. चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"तिन्ही फ एका पेनचे. एका दाबाचे. तिसऱ्यापर्यंत हात सैल झालाय." माझ्याकडे वळले. "चौतीस वर्षं हजेरीपट पाहिलेत मी. मागाहून भरलेला असाच दिसतो."

मी पायपुसण्याकडे बघत राहिलो. नाना गॅलरीत गेले. मी मागोमाग. शॉवर कॅप न घालता ते जास्वंदीखाली उताणे झाले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. काकू चहा ठेवून गेल्या.

"हा कोण?" खालून आवाज आला.

"क्रिप्टो."

"परमनंट?"

"पिठ्या असेपर्यंत."

"म्हणजे कंत्राटी." नाना गुडघ्यावर हात टेकून उठले, आत गेले आणि कॅलेंडरवर पुढच्या रविवारच्या फ-समोर बारीक अक्षरात कंस टाकला: 'जास्वंद वगळून'.