पातेपंडित

डाव्या हाताचा मनगटापासून वरचा भाग तुळतुळीत दिसला की समजावं, हा माणूस पातेपंडित आहे. नव्या सुरीची धार तो हातावरचे केस काढून पाहतो. सुरी उजव्या हातात, म्हणून भादरला जातो तो डावा. (डावखुरे पंडितही असतात, त्यांचं उलट.) जूनमध्ये ट्रेकचा मोसम जवळ आला की ही भादरणी कोपरापर्यंत पोचते.

पंडित बँकेत, आयटीत नाहीतर विमा कंपनीत असतो. राहायला कोथरूड, ठाणे किंवा डोंबिवली. वर्षातून चार-दोनदा गडावर जातो आणि उरलेले दिवस गडावर कोणती सुरी न्यावी याचा विचार करतो. त्याची मागणी साधी असते. "फार महाग नको रे. जंगलात सुरी हरवली तर जिवाला लागायला नको, पण आपण हरवलो तर जीव वाचला पाहिजे."

त्याला चुकून विचारलंत, "बाबा, एखादी स्वस्तातली बरी सुरी सांग," की तो खुर्ची ओढून बसतो आणि १८९१ सालापासून सुरुवात करतो. त्या साली स्वीडनमधल्या मोरा गावाजवळ सुऱ्यांचा कारखाना निघाला. त्याच साली स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सेनरने सैन्याला पहिले खिशातले चाकू पोचवले. आदल्याच वर्षी फ्रान्सच्या डोंगराळ साव्हुआ भागात जोसेफ ओपिनेलने लाकडी मुठीचा घडीचा चाकू केला होता. हे तो गहिवरून सांगतो. त्याच १८९१ मध्ये त्याच्या स्वतःच्या पुण्यात संमतिवयाच्या कायद्यावरून केवढं रणकंदन चाललं होतं, याचा मात्र त्याला पत्ता नसतो. ते पातं वेगळं.

बरेच पंडित फिरून फिरून मोरा कंपनीच्या 'कम्पॅनियन'पाशी येतात, आणि निवड वाईट नाही. पातं दहा-साडेदहा सेंटिमीटरचं, जाडी अडीच मिलिमीटर, रबरी पकडीची मूठ, प्लास्टिकचं म्यान. धारेचा उतार दोन्ही बाजूंनी सपाट आणि रुंद असतो. तो उतार निसण्यावर टेकवला की कोन आपोआप साधतो. धार लावायला गुरू लागत नाही. स्वीडनमध्ये ही सुरी सुताराच्या आणि इलेक्ट्रिशियनच्या हत्यारपेटीत पडलेली असते. ती रंगाचे डबे उघडते, वायरी सोलते, आणि मोडली तर दुसरी येते. इथे येईपर्यंत जकात, कुरियर आणि व्यापाऱ्याचा नफा चढत चढत तिचा दर्जा असा वाढतो की पंडित ती मऊ कापडात गुंडाळून टीव्हीच्या कपाटात ठेवतो. हरवली तरी चालेल म्हणून घेतलेली सुरी हरवेल या भीतीने मग गडावर जात नाही. गडावर न्यायला तिच्याहून स्वस्त सुरी शोधणं आलं. शोध पुन्हा सुरू.

शोधाला शास्त्र लागतं. पातं किती लांब असावं? मोर्स कोचान्स्की नावाचे कॅनडातले मोठे जंगलविद्यावंत होऊन गेले, त्यांचा दंडक असा की पात्याची लांबी आपल्या तळहाताच्या रुंदीएवढी असावी. हे कळल्यापासून पंडित भेटेल त्याचा हात हातात घेऊन टेपने मोजतो. एका लग्नात त्याने नवरीच्या मामांचा हात असा धरल्यावर मागे तीन बायका रांगेत उभ्या राहिल्या आणि एकीने मुलीच्या योगाबद्दल विचारलं. पंडित म्हणाला, "साडेनऊ सेंटिमीटर." बाई खिन्न झाल्या.

लांबी ठरली की पोलाद. स्टेनलेस गंजत नाही, पण साध्या कार्बन पोलादाला धार लवकर लागते, आणि पात्याच्या पाठीची कड काटकोनी असली तर तिच्यावर ठिणगीकांडी घासून आग पेटवता येते. हे सगळं खरं आहे. तितकंच खरं हेही की सह्याद्रीतल्या श्रावणात कार्बन पोलाद रात्रीत तांबूस होतं. पंडित त्याला खोबरेल चोळतो. घरच्यांच्या डोक्याला उरत नाही.

पुढची पायरी लाकूड फोडण्याची. ओंडक्यावर सुरी आडवी धरून वरून दांडक्याने ठोकायचं, याला बॅटनिंग म्हणतात. उत्तरेकडच्या ओल्या जंगलात लाकडाच्या पोटातलाच भाग तेवढा कोरडा सापडतो, म्हणून तिथल्या लोकांनी ही युक्ती काढली. आपल्याकडे उन्हाळ्यात काटकी हाताने मोडते, पावसाळ्यात शहाणा माणूस स्टोव्ह नेतो, आणि अभयारण्यात तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने झाडाच्या फांदीलाही हात लावायची चोरी. तेव्हा पंडित बॅटनिंग करतो ते सोसायटीच्या गच्चीवर. फोडायला आजीचा मोडका पाट असतो. खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी वर येतात. त्यांना तो शांतपणे शस्त्र नियम सांगतो: नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याला परवाना लागतो, माझं चार इंचांचं आहे. सेक्रेटरी म्हणतात, "पण आवाज किती इंचांचा आहे?"

या घरातल्या स्वयंपाकघरात मात्र एकाही सुरीने टोमॅटो कापला जात नाही. तो चेंगरला जातो. बायको म्हणते, "अहो, त्या बाहेरच्यांना धार लावताय, घरच्या एकीला लावा." पंडित म्हणतो, "तिचं पोलाद त्या योग्यतेचं नाही गं." ती विळी घेऊन बसते. विळीचं पातं सासूबाईंच्या काळातलं, कार्बन पोलादाचं, आणि त्यावरून कांदा सरसर उतरत असतो. पंडिताचं तिकडे लक्ष नसतं, कारण विळीला म्यान नसतं.

खरी मौज गडावर. हरिश्चंद्रगडावर मुक्काम, बाहेर धो धो पाऊस, सगळ्यांना भेळ हवी. पंडिताच्या सॅकमध्ये सुऱ्या तीन. कार्बनवालीने कांदा-लिंबू कापायचं नाही, आंबटाने पातं काळं पडतं. जाडवाली लाकडासाठी, तिने कांदा कापला तर फाकी न पडता ठिकऱ्या उडतात. उरला ओपिनेल. हा खाण्यापिण्यासाठी उत्तमच. १९५५ पासून त्याच्या मानेला फिरकीची कडी आहे, ती फिरवली की पातं बोटांवर मिटत नाही. पण मूठ लाकडी. भर पावसात लाकूड फुगतं आणि पातं खाचेतच आवळून बसतं. तिघांनी ओढूनही उघडला नाही. फरसाणाचा पुडा दातांनी फोडला आणि कांदा जमिनीवर ठेवून बुक्कीने. चवीला उत्तम लागला.

माझं म्हणाल तर ट्रेकला स्टेनलेसचं, न मिटणारं, चार इंची पातं पुरे. भांड्यांच्या दुकानातली भाजीची सुरी पुठ्ठ्यात नीट गुंडाळून नेली तरी नव्वद टक्के कामं होतात. हे मी एकदा पंडितापुढे बोललो. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि उरलेल्या दहा टक्क्यांवर पाऊण तास बोलला.

गड उतरताना पाचनईत एका मामांच्या पडवीत चहा झाला. मामांच्या कमरेला आकडी, आकडीत कोयता. पंडिताने आपली सुरी पुढे केली. मामांनी ती उलटसुलट पाहिली, अंगठा फिरवला.

"नाजूक हाय. कितीला?"

पंडिताने घरी सांगितली होती त्याच्या निम्मी किंमत सांगितली. घरी सांगितलेलीही खरी नव्हती.

"येवढ्याशाला?" मामा म्हणाले. "मंग लोखंड सरलं व्हतं का त्यांच्यापाशी?"

मग त्यांनी आकडीतला कोयता काढला, चुलीपुढचं लाकूड दोन घावांत उभं चिरलं आणि त्याच कोयत्याच्या टोकाने सुपारीचं खांड फोडून पंडिताला दिलं. पंडित सुपारी खायची विसरला. कोयता ट्रकच्या कमानपाट्याचा होता, आणि पातं मुठीत जेमतेम चार बोटं गेलेलं. मुठीच्या शेवटापर्यंत न गेलेलं पातं कोणत्याही क्षणी दगा देतं, असं तो आम्हाला वर्षानुवर्षं सांगत आला होता. मामांचा कोयता त्यांच्या वडिलांचा होता.

पुढच्याच आठवड्यात पंडित रजा टाकून राजूरच्या बाजारात गेला. लोहाराने समोर कोयते मांडले होते. पंडिताने एक उचलला, डावी बाही वर केली. भादरायला केस शिल्लक नव्हते. तेव्हा त्याने तोंडी परीक्षा घेतली.

"पाणी कशात दिलंय? तेलात की पाण्यात?"

"पाणी पाण्यातच देत्यात, साहेब."

"बरं, कडकपणा? रॉकवेल किती असेल?"

"साडेचारशे," लोहार म्हणाला. "दोन घेतले तर आठशेला देतो."

पंडित दोन घेऊन आला. एक वापरायला आणि एक टीव्हीच्या कपाटात.