निबंधाची पैसेवारी

प्रस्तावना, मध्य आणि समारोप अशी निबंधाची तीन अंगे असून, त्यांपैकी एकाचाही लेखकाने स्वतः पाहिलेल्या वस्तूशी संपर्क येता कामा नये, हा आपल्या शालेय निबंधशास्त्राचा आद्य दंडक होय. दहावीच्या मराठी प्रश्नपत्रिकेत या शास्त्रास ८ गुण नेमून दिलेले असल्यामुळे बारामती तालुक्यातील सुप्यातही त्याची उपासना मोठ्या निष्ठेने चालते.

एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत असलेला हा जुना परगणा पर्जन्यछायेत वसलेला. येथल्या जिरायत शिवारावर ढग येतात ते बहुधा पुढे जाण्यासाठी, आणि उन्हाळ्यात वाट पाहायची ती टँकरची. तथापि ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा विषय फळ्यावर उमटताच येथला विद्यार्थी मार्गदर्शकाबरहुकूम संततधार सुरू करतो, कागदी होड्या सोडतो, मोरास नाचावयास लावतो आणि समारोपात बळीराजास सुखी करून मोकळा होतो. एखाद्या अजाण पोराने ‘ढग आले. आजोबा ओट्यावर येऊन उभे राहिले. ढग गेले.’ असे लिहून तिन्ही अंगे यथासांग साधलीच, तर त्याच्या वहीवर ‘विषयविस्तार अपुरा’ असा शेरा पडतो. गावच्या माळावर चिंकारा हरणांसाठी राखलेले मयूरेश्वर अभयारण्य आहे. परंतु ‘माझा आवडता प्राणी’ म्हटला की सिंहच डरकाळी फोडतो, कारण पाठ केलेला मजकूर त्याचा असतो.

समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास खर्ची घालून अक्षर वाटोळे व सरळ असावे आणि कागदाच्या कडा मोकळ्या सोडाव्यात, असे सांगितले. तो उपदेश आम्ही तंतोतंत पाळतो. कडा मोकळ्या ठेवतो आणि मधला भाग त्याहून मोकळा. १८७४ साली निबंधमाला सुरू करणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर स्वतः शाळामास्तर होते, आणि काही विषय तर ते अंकामागून अंक चालवीत; त्यांनी आज दहावीची परीक्षा दिली असती, तर प्रस्तावनेतच शेवटची घंटा झाली असती.

इतके असूनही या विद्येस निरुपयोगी म्हणणे अन्यायाचे होईल. न पडलेला पाऊस कलमबंद करण्याचे कसब ज्याने बालवयात हस्तगत केले, तो पुढे सरकारी कचेरीत चिकटला म्हणजे शिवारात पाऊल न टाकता खरिपाची पैसेवारी ५० पैशांच्या वर लीलया नेऊन बसवतो. आणि ५० पैशांच्या वर गेलेल्या गावाने दुष्काळाची सवलत मागणे म्हणजे दप्तराचा अपमान ठरतो. करपलेल्या बाजरीची ताटे घेऊन कोणी दाद मागावयास गेलाच, तर त्यास विषयांतराबद्दल समज मिळते.

तेव्हा आमची नम्र शिफारस अशी की, परीक्षा मंडळाने तपासलेल्या उत्तरपत्रिका रद्दीत न घालता थेट तहसील कचेरीकडे वर्ग कराव्यात. पैसेवारीचे काम तेवढ्याने भागेल, आणि शिवारफेरीचा प्रवासभत्ताही वाचेल.