चक्कर येऊन पडलात? आता तपासण्या ठरवा (नवशिक्यांसाठी)

चक्कर येऊन पडणं सोपं आहे. उपाशीपोटी लालबागच्या राजाच्या रांगेत उभं राहिलं की कोणालाही जमतं. खरी कसोटी पुढे लागते: कोणती तपासणी, किती रुपयांची आणि कोणाच्या सांगण्यावरून. घाबरू नका, आम्ही आहोत.

१. काय झालं ते सांगत बसू नका. आधी घाम सुटला, मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, आडवं केल्यावर मिनिटभरात शुद्धीवर आलात, हे सगळं डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं तर 'वेसोवेगल आहे, पाणी भरपूर प्या' म्हणून ते मोकळे होतील. बेशुद्ध पडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण तेच. पण एवढ्यासाठी जावईबापूंनी रजा टाकून गाडी काढली होती का? तुम्हाला पडताना ज्यानं पाहिलं, त्याला चहा आणायला पाठवा.

२. बीपी एकदाच मोजू द्या, तेही बसवून. आडवं झोपवून आणि मग उभं करून तीन मिनिटांत मोजलं आणि वरचा आकडा २० नं घसरला, तर संशय नव्या बीपीच्या गोळीवर जाईल. गोळी कमी करण्याचं पॅकेज नसतं. ईसीजी काढा, पण नॉर्मल आला तर खचू नका. 'ईसीजीत सगळं दिसत नाही' हे वाक्य तयार ठेवा. ते खरं असल्यामुळे कोणाला खोडता येत नाही.

३. निर्णय नातेवाइकांवर सोपवा. 'पैशाकडे बघू नका हो, माणूस महत्त्वाचा,' असं थोरले मेव्हणे म्हणतील. ते बिलाच्या खिडकीपासून बऱ्याच अंतरावर उभे असतील. न्यू जर्सीचा भाचा व्हिडिओ कॉलवर 'ॲटलीस्ट एमआरआय तरी करा' म्हणेल. तो बँकेचं सॉफ्टवेअर लिहितो. शेवटी शेजारच्या काकू येतील: 'आमच्या ह्यांनाही अस्संच झालं होतं, आणि तीन ब्लॉकेज निघाले!' ह्यांना चालताना छाती दुखत होती, हा बारीकसा तपशील त्या गाळतील. तुम्हीही विचारू नका. 'याची खरंच गरज आहे का?' असं अजून कोणाच्या तोंडून निघालेलं नाही ना? मग तुम्ही योग्य मार्गावर आहात.

४. मेडिक्लेमचं शास्त्र शिका. नुसत्या तपासण्यांसाठी दाखल झालात तर सहसा क्लेम नाकारतात. म्हणून सलाइन लावून घ्या. २४ तास पलंगावर पडून राहा, डाळिंबाचे दाणे खा आणि कॅशलेसच्या मंजुरीची वाट बघा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तुम्ही खरोखरच आजारी दिसू लागाल.

५. आता यादी. टूडी इको घ्याच. होल्टरही घ्या: छातीला वायरी, कमरेला डबी, २४ तास. नॉर्मन होल्टर यांचं मूळ यंत्र सुमारे ३८ किलोचं होतं आणि पाठीवर घ्यावं लागे. तेव्हा कुरकुर नको. तुम्ही महिन्यातून एकदा पडत असाल तर नेमक्या त्याच दिवशी पडायची जबाबदारी तुमची. टिल्ट टेबलवर बांधून तुम्हाला उभं करतात आणि पुन्हा चक्कर येते का ते बघतात. रांगेत हे फुकट झालं होतं, पण त्याचा रिपोर्ट मिळाला नव्हता. मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर विसरू नका. हातपाय लुळे पडले नसतील, बोबडी वळली नसेल, तर अशा चकरेत त्याचा उपयोग नसतो. म्हणूनच तो यादीत शोभून दिसतो.

६. रिपोर्ट स्वतः वाचा, रात्री, एकट्यानं. 'ट्रिव्हियल टीआर' दिसेल. निरोगी माणसांतही ते सर्रास सापडतं, पण हे कळेपर्यंत तुम्ही जिना चढणं सोडलेलं असेल. त्यासाठी पुढची तपासणी आहेच.

काही मंडळींना मात्र हा अभ्यासक्रम लागू नाही. धावताना किंवा व्यायाम करताना पडलात, पडण्याआधी छातीत धडधडलं किंवा दुखलं, झोपल्या जागी शुद्ध गेली, आधीपासून हृदयविकार आहे, ईसीजीत दोष निघाला, किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक गेलं आहे, यांतलं एक जरी खरं असेल तर वरचं काहीही ऐकू नका. आजच हृदयरोगतज्ज्ञांकडे जा आणि ते सांगतील त्या तपासण्या करून घ्या. मेव्हण्यांना घरी ठेवा. ज्यानं पडताना पाहिलं त्याला सोबत न्या.