काका काय करतात?

२०११च्या जनगणनेला आमच्या सोसायटीत एक शाळामास्तर फॉर्म घेऊन आले होते. पहिल्या मजल्यावर त्यांनी रीतसर विचारलं, “कुटुंबप्रमुख काय करतात?” काकूंनी गॅलरीतून खाली बोट दाखवलं. खाली पांढऱ्या पद्मिनी फियाटच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आले होते. एका पायात चप्पल होती.

“हे करतात,” काकू म्हणाल्या, “आणि मधल्या वेळात बँकेत जातात.”

मास्तरांनी ‘नोकरी’ असं लिहिलं आणि वरच्या मजल्याचा जिना धरला.

फियाटकाका बँकेत होते हे खरं आहे. १९८५ साली चिकटले, २०२२ साली निवृत्त झाले आणि यातली बहुतेक वर्षं त्यांनी कॅशच्या खिडकीत काढली. माणूस हुशार. प्रमोशन तीनदा चालून आलं, तिन्ही वेळा त्यांनी हात जोडले. बँकेत ऑफिसर झालं की बदली आलीच. ती टाळायला कुणी मुलाची दहावी पुढे करतं, कुणी म्हातारी आई. काकांनीही कागदोपत्री आईच लावली होती. खरं कारण नाना पेठेत होतं आणि त्याच्या हाताला कायम ग्रीस असे. “आईला कुठंही डॉक्टर मिळेल हो,” काका मला म्हणाले होते, “पण पद्मिनीची नाडी ओळखणारा मिस्त्री गडचिरोलीत कुठं शोधू?”

गाडी वडिलांची. त्यांनी नंबर लावला तेव्हा काका शाळेत होते आणि १९८० साली गाडी दारात आली तेव्हा कॉलेजात. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, १०८९ सीसीची, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली. लग्नकार्यात कुणी शेजारी बसलं की भाताच्या आत काका प्रीमियर ऑटोमोबाइल्सवर येतात. “सोलापूरच्या वालचंदशेठनी काढलेली कंपनी, १९४४ साली. म्हणजे आपल्या मराठी मुलखातली!” इथं मठ्ठा येतो आणि शेजारचा सुटतो.

मी बरीच वर्षं असं धरून चाललो होतो की ज्याला गाड्यांचं वेड तो गाड्यांच्याच धंद्यात असणार. तसं नसतं. चाकणला गाड्या जोडणारा माझा मावसभाऊ कंपनीच्या बसने जातो आणि खिडकीला डोकं टेकून घोरतो. खुद्द काकांचा मिस्त्री स्कूटरवरून येतो, तिचा आरसा गेले सहा महिने तारेवर लोंबतोय. दिवसभर ज्याचे हात तेलात, त्याला रविवारी आंघोळ हवी असते. आणि आठवडाभर ज्याचे हात नोटांत, दातांत नाहीतर बॅलन्सशीटमध्ये, तो रविवारी तेलाकडे धावतो.

काकांबरोबर मी एकदा त्यांच्या रविवारच्या चहाला गेलो होतो. सकाळी साडेसहाला टपरीसमोर सात-आठ जुन्या गाड्या बॉनेट उघडून उभ्या होत्या आणि माणसं त्यांच्यात डोकं घालून. एक दंतवैद्य होते. कार्बोरेटरचा जेट ते दात कोरायच्या हत्याराने साफ करतात. ते हत्यार नंतर कुठं जातं हे मी विचारलं नाही, पण दात दाखवायला आता दुसरीकडे जातो. कॉन्टेसावाले सीए होते. गाडीचा खर्च त्यांनी घरच्या हिशेबात ‘देवधर्म’ या सदराखाली घातला होता आणि त्यांच्या सासूबाई जावयाच्या भाविकपणावर खूश होत्या. संस्कृतच्या एका निवृत्त सरांकडे पन्नासच्या दशकातली फियाट होती, पुढची दारं उलटी उघडणारी. तिला सगळा गाव डुक्कर फियाट म्हणतो. सरांना ते खपत नाही. ते तिला ‘वराह’ म्हणतात.

या मंडळींत कुणी कुणाला ‘आपण काय करता?’ असं विचारत नाही. एकमेकांना ते गाडीवरून ओळखतात. सीएंच्या आईच्या कानाचं ऑपरेशन निघालं, चांगला सर्जन हवा होता, म्हणून त्यांनी महिनाभर पुणं पालथं घातलं. शेवटी मोठ्या हॉस्पिटलात नंबर लागला, आणि खुर्चीत बसलेले डॉक्टर म्हणजे आपला ‘वन एटीन’! प्रीमियरची ११८ एनई बाळगणारा हा गृहस्थ अकरा वर्षं दर रविवारी त्यांच्याच बशीतून चहा पीत होता. तपासणी तीन मिनिटांत उरकली. पुढची वीस मिनिटं क्लच प्लेटवर गेली. आईला काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणून निभावलं.

पण धंदा माणसाला सोडत नाही, तो बॉनेटखालीही येतो. काकांच्या गाडीत बँक ठिकठिकाणी सापडते. पुढच्या डाव्या त्रिकोणी खिडकीची खिट्टी तुटली आहे, ती नोटांच्या बंडलांच्या रबरांनी बांधलेली असते, दर पावसाळ्याला नवीन रबर. गाडीचं लेजर आहे. त्यात जमेची बाजू कोरी आणि नावे बाजू चार वह्या. शेजाऱ्याला स्टेशनवर सोडलं तरी त्या लिटरची नोंद होते, पुढे कंसात शेजाऱ्याचं नाव.

आणि ती कार्डं. पद्मिनीच्या डेल्कोत, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमध्ये, कॉन्टॅक्ट पॉइंट असतात. त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी ठेवावी लागते. ती मोजायला फीलर गेज मिळतं, पण जुने मिस्त्री फटीत व्हिजिटिंग कार्ड सरकवतात. कार्ड किंचित घासत बाहेर आलं की झालं. काका शाखेत बदलून येणाऱ्या प्रत्येक मॅनेजरकडे पहिल्याच दिवशी जाऊन अदबीने त्याचं कार्ड मागत. मॅनेजर सुखावे. काका जागेवर येऊन कार्ड बोटांच्या चिमटीत धरून हलकेच वाकवत, आणि त्या साहेबाबद्दलचं त्यांचं मत तिथंच पक्कं होई. “हे आलेत ते बरे आहेत,” ते घरी सांगत. “जाड आहेत.”

शेवटचे मॅनेजर पातळ निघाले. निवृत्तीच्या दिवशी काकांनी गाडी धुऊन, पॉइंट नवीन कार्डाने सेट करून बँकेत नेली. काकू शेजारी, नऊवारीत. भाषणं झाली. काकांची सचोटी, काकांचा वक्तशीरपणा, सदतीस वर्षांत एक नोट कमी-जास्त नाही. काकांचं लक्ष खिडकीबाहेर होतं, कारण गाडीवर ऊन आलं होतं. मग सगळी शाखा निरोप द्यायला खाली उतरली. काका चावी फिरवतात, गाडी नुसती खाकरते. “ढकला!” काका आतून ओरडले. सदतीस वर्षांत त्यांनी बँकेत आवाज चढवला तो इतकाच. मॅनेजर, दोन ऑफिसर, शिपाई आणि फिक्स्ड डिपॉझिट मोडायला आलेले एक आजोबा असे सगळे लागले. चौथ्या धक्क्याला गाडीने पकडलं. पकडलेली गाडी थांबवायची नसते, ती पुन्हा बंद पडते. काका जे सुटले ते थेट घरी.

शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ आणि काकू, एवढं सगळं बँकेच्या दारातच राहिलं.

अर्ध्या तासाने काकू रिक्षाने आल्या. काका बॉनेट उघडून कार्डाकडे रागाने बघत होते. काकूंनी नारळ टपावर ठेवला आणि काही न बोलता जिना चढून गेल्या.

त्याच वर्षी पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फेरनोंदणी फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली. पाच रुपयांच्या कोथिंबिरीसाठी दोन मंडया हिंडणारे काका ती भरून हसत घरी आले. २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हा मात्र ते त्या रात्री जेवले नाहीत. सुतक एकच दिवस टिकलं. टॅक्सी मोडीत निघाल्या म्हणजे सामान निघणार, हे ध्यानात आल्यावर पहाटेच्या रेल्वेने ते कुर्ल्याला पोचले. “गाडीनेच का नाही गेलात?” मी विचारलं. “एवढ्या लांब?” काका दचकले. “तिला कशाला त्रास!” कुर्ल्याहून त्यांनी त्रिकोणी खिडकीच्या तीन खिट्ट्या आणल्या. तिन्ही उजव्या.

आता ते रोज दहाला डबा घेऊन खाली उतरतात आणि पाचला वर येतात. मधे एक ते दोन जेवणाची सुट्टी, त्या वेळात कुणाशी बोलत नाहीत. २०३० साली गाडीला पन्नास पूर्ण होतील, मग ती सरकारच्या नियमाने ‘व्हिंटेज’ आणि नंबरपाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं. त्या पाटीची गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामालाच काढायची, असा नियम मी त्यांना वाचून दाखवला.

“मग बदललं काय?” काका म्हणाले.

तर वाचकांपैकी कुणाकडे पद्मिनीच्या पुढच्या डाव्या त्रिकोणी खिडकीची खिट्टी पडून असेल तर कृपया द्यावी. बदल्यात उजवी मिळेल, नाहीतर रोख पैसे, मोजून. दहा ते पाच या वेळात थेट पार्किंगमध्ये यावं. वरची बेल वाजवू नये.