बांध जैसे थे

दिवाणी न्यायालये तंटे मिटवण्यासाठी असतात, हा समज कायद्याच्या क्रमिक पुस्तकांनी मोठ्या निष्ठेने जपला आहे. पुणे-सातारा महामार्गावर, नीरेवरचा पूल ओलांडला की जिथून शिरवळ आणि त्याबरोबर सातारा जिल्हा सुरू होतो, त्या भोर तालुक्यातील सारोळ्याच्या जमीनधारकाला मात्र या समजाची फारशी गरज पडत नाही. कारण महामार्गालगतचा गुंठा लाखांत बोलला जाऊ लागला की दावा कशासाठी लावायचा असतो, हे कोणत्याही विधी महाविद्यालयाच्या मदतीशिवाय उमगते. जमीन कसता येते, पडीक ठेवता येते आणि दाव्यात ठेवता येते. यांपैकी तिसऱ्या वहिवाटीकडे अर्थशास्त्राने अजून गांभीर्याने पाहिलेले नाही, म्हणून तिचे थोडे शास्त्रशुद्ध विवेचन येथे करणे उचित ठरेल.

या शास्त्राचा मूलग्रंथ म्हणजे १ जानेवारी १९०९ पासून अमलात असलेली दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८. तिच्यात १५८ कलमे असून त्यांच्यामागे रीतिभाती सांगणाऱ्या आदेशांचे परिशिष्ट आहे. जमीन कोणाची, या प्रश्नाचे उत्तर या ग्रंथात कोठेही सापडत नाही, कारण तो या ग्रंथाचा विषय नव्हे. तो प्रश्न कोणत्या क्रमाने, किती प्रतींत आणि कोणाकडे मांडायचा, एवढेच तो सांगतो. प्रक्रिया ही न्यायाची दासी होय, असे वरिष्ठ न्यायालये वारंवार बजावत आली आहेत. दासीच्या हाती किल्ल्या किती आहेत, याची मोजदाद त्या निकालपत्रांत सहसा आढळत नाही.

विवेचनाच्या सोयीसाठी असे समजू की सारोळ्याच्या शिवारातील एका गटाचे सरस-निरस वाटप झालेले नाही, आणि थोरल्या चुलतभावाने एका पावसाळ्यात बांध कोरून तो दोन हात पलीकडे सरकवला. धाकटा सातबारा, फेरफार आणि वंशावळ बांधून कापूरहोळच्या फाट्यावरून भोर गाठतो आणि तेथील दिवाणी न्यायालयात वाटप, ताबा व मनाई यांसाठी दावा लावतो. आपल्याकडील न्यायालयांत दाव्यातील प्रत्येक कागदाला ‘निशाणी’ म्हणून क्रमांक पडतो आणि तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंत दुसऱ्या पक्षाचे हात बांधून ठेवण्याची विनंती, रूढीने निशाणी ५ वर बसतो. खरा खटला हाच. सकृद्दर्शनी बाजू कोणाची, सोयीचा समतोल कोणीकडे आणि भरून न येणारी हानी कोणाची होईल, या तीन कसोट्यांवर या अर्जाचा निर्णय व्हावा असे शास्त्र आहे. आणि निर्णयाला वेळ लागणार म्हटल्यावर तोवर ‘जैसे थे’ ठेवावे, असा आदेश बहुधा होतो.

या आदेशाची खुमारी अशी की जैसे म्हणजे कसे, हे त्यात क्वचितच लिहिलेले असते. बांध पूर्वी होता तिथला ‘जैसे थे’, की सरकवून झाल्यानंतरचा? सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली स्पष्ट सांगितले की प्रत्यक्ष स्थिती काय आहे हे नमूद न करता ती कायम ठेवण्याचा आदेश देणे योग्य नाही. तरीही दोन्ही बाजूंना आपापल्या परीने वाचता येईल असा आदेश दोन्ही बाजूंना समाधान देतो, हे सुख काही कमी नव्हे: धाकटा गावात मनाई मिळाल्याचे सांगतो, थोरला सरकवलेल्या बांधावर तूर पेरतो.

मुख्य दावा तेवढ्यात संपत नाही; तो आता निवांत होतो. संहितेचा आठवा आदेश प्रतिवादीला आपली कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, ३० दिवसांत आणि कारण दिल्यास फार तर ९० दिवसांत देण्यास सांगतो. ही कमाल मर्यादा बंधनकारक नसून केवळ दिशादर्शक आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिला आणि कायदेमंडळाने घातलेल्या कुंपणाला फाटक बसले. सतराव्या आदेशानुसार एका पक्षाला सुनावणीत तीनपेक्षा अधिक तहकुबी देता येत नाहीत. त्याच वर्षी त्याच न्यायालयाने अपवादात्मक अडचणींत चौथीही देता येईल असे म्हटले, आणि तेव्हापासून पक्षकारांच्या जीवनात अपवादात्मक अडचणींचे प्रमाण वाढले असल्यास त्यात नवल नाही. रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाने ठेवलेल्या प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीत, या अडचणी एका ओळीत मावतात. एखादी गोष्ट न्यायालयाला फक्त कळवायची असेल तर ‘पुरसिस’ नावाचा चिठोरा द्यायचा असतो. वकील आजारी, पक्षकार गावी, तडजोडीची बोलणी चालू, असे सारे मानवी जीवन त्याच्यात सामावते. तडजोडीच्या पुरसिशीला विशेष मान असतो, कारण तडजोड चालू असल्याचे ऐकून पुढची तारीख नाकारण्याइतके कठोर कोणी नसते.

या क्षेत्रात महाराष्ट्राचे स्वतंत्र योगदानही आहे आणि ते विस्मरणात जाता कामा नये. १९७७ साली राज्याने संहितेत कलम ९-अ घातले. त्यानुसार मनाईच्या अर्जाच्या सुनावणीत प्रतिवादीने न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रावर हरकत घेतली की तो प्रश्न आधी, प्राथमिक मुद्दा म्हणून, निकालात काढणे भाग होते. आणि तोवर वादीला तात्पुरता दिलासा देण्याची मुभाही न्यायालयाला होती. त्यामुळे प्रतिवादीला लांबण मिळे, वादीला मनाई मिळे, आणि न्यायालयाला बांध कोणाचा याऐवजी हा प्रश्न आपण ऐकावा की नाही, या अधिक सूक्ष्म विषयावर पुरावा नोंदवता येई. इतकी सर्वांना सुखावणारी तरतूद २०१८ मध्ये वगळण्यात आली. तिच्या बाजूने मोर्चा निघाला नाही, हे समाजाच्या कृतघ्नतेचेच उदाहरण म्हणावे लागेल.

एवढा काळ गेल्यावर थोरला वारतो. बाविसावा आदेश आणि मुदतीचा कायदा यांनुसार मृत पक्षकाराचे वारस ९० दिवसांत दाव्यात आणावे लागतात. तसे न झाल्यास त्याच्यापुरता दावा आपोआप संपतो, मग तो पुनरुज्जीवित करण्यासाठी ६० दिवसांत अर्ज करायचा, आणि तोही चुकला तर उशीर माफ करण्याचा आणखी एक अर्ज करायचा. हे सगळे करताना कोणी तिसरे मरू नये एवढी काळजी घ्यावी लागते. मात्र येथे उपहासाला थोडे थांबावे लागते. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबातील मुलींना जन्मतः मुलांइतका हक्क मिळाला, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने त्यासाठी वडील त्या दिवशी हयात असण्याची अट उरली नाही. वाटपाच्या दाव्यात आधी हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा होतो आणि प्रत्यक्ष वाटणीचा अंतिम हुकूमनामा नंतर होतो. हा दुसरा झाला नसेल तर आधी ठरलेले हिस्से बदललेल्या कायद्याप्रमाणे पुन्हा मांडता येतात. तेव्हा ज्या बहिणींना भावांनी वंशावळीत शेवटच्या ओळीत, नुसत्या नावाने बसवले होते, त्यांच्या पदरात हिस्सा पडला तो काही घरांत केवळ दावा रेंगाळल्यामुळे. न्यायालयीन दिरंगाईने इतके न्याय्य काम अन्यत्र केल्याचे दाखवणे कठीण आहे, आणि हक्कसोडपत्र घेऊन बहिणीकडे साडीसह जाणाऱ्या भावांना ते आजही पटलेले नाही.

दीर्घ दाव्यांच्या इतिहासात पुण्याचा मान सर्वश्रुत आहे. सार्वजनिक समारंभांतील अग्रमान आणि धार्मिक उत्सवांतील मानाचा क्रम यांविषयी थोरात घराण्यातील एका पूर्वजाने १२०५ साली मांडलेल्या दाव्याचा निकाल २८ एप्रिल १९६६ रोजी, म्हणजे ७६१ वर्षांनी, वंशजाच्या बाजूने पुण्यात लागला, अशी नोंद गिनीज बुकाने सर्वांत लांबलेला दावा म्हणून छापली होती. यादव, बहमनी, निजामशाही, मराठे, पेशवे, कंपनी, राणी आणि प्रजासत्ताक, अशा साऱ्यांनी मिळून पुढची तारीख दिली असे मानल्याखेरीज हा हिशेब जुळत नाही. इतिहाससंशोधकाला तो जुळवताना घाम फुटेल. शिवाजीनगरच्या न्यायालयाच्या व्हरांड्यात दिवसभर पुकाऱ्याची वाट पाहिलेल्या माणसाला मात्र त्यात अशक्य असे काही दिसणार नाही.

इंग्रजांपूर्वी सारे सुरळीत होते, असे सांगणारा एक पंथ आहे. त्या काळी गोतसभा बसे, म्हणजे गावचे वतनदार, बलुतेदार आणि सरकारी अंमलदार एकत्र येऊन पुरावा ऐकत. दोन्ही पक्षांकडून निवाडा मान्य करण्याचा ‘राजीनामा’ आधीच लिहून घेतला जाई. निवाड्याच्या महजरावर कुणब्याचा नांगर आणि लोहाराचा हातोडा निशाणी म्हणून उमटे. आणि हरलेल्याला आपण हरलो असे ‘येजितखत’ स्वतःच लिहून द्यावे लागे. जिंकणारा सरकारात हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी, त्यामुळे खजिन्याचे कोणत्याही निकालाने नुकसान होत नसे. पुरावा जुळला नाही तर उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याचे दिव्य असे, आणि भाजलेला हात पिशवीत बांधून, मोहोर करून, काही दिवसांनी तपासला जाई. निर्णय राखून ठेवण्याची ही बहुधा सर्वांत झोंबणारी पद्धत असावी. तथापि, याच भोरच्या परिसरातील रोहिडखोऱ्याच्या देशमुखीवरून जेधे आणि खोपडे यांच्यात चाललेला तंटा ज्यांनी वाचला आहे, त्यांना येजितखत लिहून दिलेला माणूस सत्ता बदलताच पुन्हा फिर्याद घेऊन उभा राहत असे, हे सांगावे लागणार नाही.

व्यापाऱ्यांना एवढी सवड नसते म्हणून २०१५ साली वाणिज्यिक न्यायालयांचा कायदा झाला. २०१८ पासून तीन लाख रुपये वा अधिक मूल्याचे व्यापारी वाद त्याखाली येतात, आणि कैफियतीची १२० दिवसांची मर्यादा येथे खरोखरच अभेद्य आहे. परंतु महामार्गालगतच्या जमिनीचा वाद ‘वाणिज्यिक’ ठरण्यासाठी ती जमीन प्रत्यक्ष व्यापारासाठी वापरात असावी लागते, पुढेमागे तेथे ढाबा निघेल ही आशा पुरत नाही, असे २०१९ मध्ये ठरले. न्यायालयाची निवड चुकली तर दावा परत मिळतो आणि योग्य ठिकाणी अथपासून सुरू होतो. तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे, आणि तीत दुसरा पक्ष आलाच नाही तर ती सुरूच न झाल्याचा अहवाल हाती पडतो. यावर वकिलांनी काढलेली तोड म्हणजे प्रत्येक दाव्यात तातडीची मागणी घालणे. ही तातडी खरी की बतावणी, हे तपासावे असे सर्वोच्च न्यायालयाला २०२३ मध्ये सांगावे लागले.

भोरचा निकाल लागला की अपील पुण्याच्या जिल्हा न्यायालयात जाते, आणि तेथून कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न निघत असेल तर, व तो काढणे हेच तर वकिलाचे कसब, दुसरे अपील उच्च न्यायालयात. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असून सातारा जिल्हा त्याच्याकडे गेला आहे. परिणामी नीरेच्या उत्तर तीरावरचा सारोळ्याचा बांध मुंबईस जातो आणि दक्षिण तीरावरचा शिरवळचा बांध कोल्हापूरला; दोन शिवारांच्या मध्ये नदी आहे ती तेवढी अद्याप कोणाच्याही दाव्यात नाही.

सर्व अपिले संपून हुकूमनामा कायम झाला की दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे काम, सुरू होते. भारतीय पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच नोंदवले होते. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. शेतसारा लागणाऱ्या जमिनीचे वाटप कलम ५४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे, तेथून तहसीलदाराकडे आणि तेथून भूमी अभिलेखच्या मोजणीकडे उतरत जाते. मोजणीच्या दिवशी शेतात उभे पीक असते. गावठाणातले घर आणि महामार्गालगतची पत्र्याची शेड मात्र न्यायालयाने नेमलेला कमिशनर वाटतो आणि ताबा देण्यासाठी बेलीफ जातो. तो शेडपाशी पोहोचतो तेव्हा दारात एक तिसराच गृहस्थ उभा असतो, ज्याचे म्हणणे असे की आपण दाव्याच्या आधीपासून येथे स्वतःच्या हक्काने आहोत. एकविसाव्या आदेशाच्या नियम ९७ ते १०१ प्रमाणे त्याचा हक्क, मालकी आणि हितसंबंध यांचा फैसला वेगळा दावा न लावता याच दरखास्तीत, पुरावा घेऊन करायचा असतो. तो फैसला नियम १०३ नुसार स्वतःच हुकूमनामा समजला जातो. त्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवसांची असून ती उलटून गेल्यास मुदतीच्या कायद्याच्या कलम ५ खाली, पुरेसे कारण दाखवून, विलंबमाफीचा अर्ज करता येतो.